पाव टक्क्याचं भांडण: १९३० चा लंडन नौदल करार आणि टोकियोतला तिढा

१,२९० टन. जपानी नौदलाला १९३० साली जेवढा टनभार हवा होता आणि युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या लंडनच्या करारात जेवढा मिळाला, त्यातली तफावत एवढीच होती. एका विनाशिकेचंसुद्धा (डिस्ट्रॉयरचं) वजन भरणार नाही.

हिशेब करून बघता येतो. मोठ्या बॅटलशिपा आणि विमानवाहू नौका सोडून बाकी जहाजांसाठी करारात अमेरिकेला एकूण ५,२६,२०० टन आणि जपानला ३,६७,०५० टन मिळाले. म्हणजे ६९.७५ टक्के. जपानचा आग्रह ७० टक्क्यांचा होता, म्हणजे ३,६८,३४० टनांचा. कमी पडला तो पाव टक्का. तरी या करारावरून नौदलाचा स्टाफप्रमुख पायउतार झाला, संसदेत घटनेची कलमं एकमेकांवर फेकली गेली, आणि करार मंजूर होऊन दीड महिना होतो न होतो तोच पंतप्रधानावर गोळी झाडली गेली.

पाव टक्क्यावरून एवढं रण माजत नाही, हे उघड आहे. अडलेलं घोडं दुसरीकडे होतं. नौदल किती असावं हे ठरवण्याचा हक्क कुणाचा, मंत्रिमंडळाचा की नौदलाचा, हा प्रश्न जपानच्या राज्यव्यवस्थेत कुणी कधी निकालात काढलाच नव्हता. लंडनच्या आकड्यांनी त्यावरचं झाकण उघडलं.

आधी मोजमाप

या सगळ्या करारांमध्ये ‘टन’ म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. १९२१–२२ च्या वॉशिंग्टन परिषदेत ‘प्रमाणित विस्थापन’ अशी व्याख्या ठरली. जहाज पूर्ण बांधलेलं, खलाशी, तोफा, दारूगोळा, अन्न आणि पिण्याचं पाणी यांसह समुद्रात जायला तयार, पण इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी वगळून, असं वजन मोजायचं. टनही आपला १,००० किलोचा नव्हे, २,२४० पौंडांचा, म्हणजे साधारण १,०१६ किलोचा. इंधन वगळल्यामुळे लांब पल्ल्याच्या जहाजांना उगाच दंड बसत नव्हता. पण त्याच व्याख्येमुळे कागदावर १०,००० टनांचं जहाज प्रत्यक्षात टाक्या भरून निघालं की बरंच जड असे.

वॉशिंग्टनला मोठ्या युद्धनौकांचं प्रमाण ठरलं: अमेरिका ५,२५,००० टन, ब्रिटन ५,२५,०००, जपान ३,१५,०००, फ्रान्स आणि इटली प्रत्येकी १,७५,०००. पहिल्या तिघांचं गुणोत्तर ५:५:३, जपानच्या वाट्याला ६० टक्के. एका जहाजाची मर्यादा ३५,००० टन आणि तोफ जास्तीत जास्त १६ इंची. त्याखालच्या जहाजांची संख्या मात्र मोकळी राहिली. क्रूझर, म्हणजे बॅटलशिपेहून लहान युद्धनौका, १०,००० टनांपेक्षा मोठी नको आणि तिची तोफ ८ इंचांपेक्षा मोठी नको, एवढंच बंधन.

मर्यादा घातली की ती गाठण्याचीच शर्यत लागते. कुणाच्या ध्यानीमनी नसताना बरोब्बर १०,००० टनांची, ८ इंची तोफांची क्रूझर हा जगभरच्या नौदलांचा नवा ठरलेला नमुना झाला. पुढची दहा वर्षं भांडण चाललं ते याच जहाजांवरून.

७० का, ६० का नाही

जपानी नौदलाच्या रणनीतिकारांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच एक ढोबळ नियम बसवला होता: दुसऱ्याच्या दारात जाऊन लढणाऱ्या आरमाराला बचाव करणाऱ्याच्या निदान दीडपट बळ लागतं. आता गुणोत्तरं तपासा. अमेरिका १० आणि जपान ७ असेल, तर अमेरिकेचं बळ १.४३ पट, म्हणजे दीडपटीच्या आत. जपान तगून राहील. जपान ६ वर आला, तर तेच बळ १.६७ पट होतं. जपान बुडालाच. आरमारी लढाईत बळ वर्गाच्या प्रमाणात वाढतं असं मानणाऱ्यांना हा फरक आणखी ठसठशीत दिसे, कारण १०० विरुद्ध ४९ आणि १०० विरुद्ध ३६ यांत फार अंतर आहे.

गंमत म्हणजे अमेरिकेचे नौदल अधिकारीही हेच गणित मांडत होते, फक्त उलट्या टोकाकडून. पॅसिफिक ओलांडून फिलिपिन्सपर्यंत पोहोचायचं तर १०:६ हवं, १०:७ ला ते जमणार नाही, असं त्यांचं म्हणणं. दोघांचं उत्तर एकच येत होतं, म्हणूनच मधला कुठलाही आकडा दोघांनाही पचत नव्हता.

१९२१ साली हा तिढा एका माणसाच्या वजनामुळे सुटला. ॲडमिरल कातो तोमोसाबुरो हे जपानचे नौदलमंत्री होते आणि वॉशिंग्टनमधले मुख्य प्रतिनिधीही तेच. त्यांचे तज्ज्ञ सल्लागार कातो कान्जी (आडनाव एक, नातं नाही) ७० टक्क्यांसाठी हटून बसले होते. मंत्र्यांनी त्यांना बाजूला सारलं. संरक्षण ही फक्त सैनिकांची मक्तेदारी नव्हे, पैशाशिवाय युद्ध होत नाही, आणि जपानला युद्धासाठी कर्ज देऊ शकेल असा देश एकच, तोही अमेरिका, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या वर्षी जपानच्या अंदाजपत्रकातला जवळजवळ एकतृतीयांश पैसा एकट्या नौदलावर चालला होता, हे लक्षात घेतलं तर त्यात खोट काढणं अवघड आहे. ६० टक्क्यांच्या बदल्यात जपानने दोन गोष्टी पदरात पाडून घेतल्या. नवी कोरी ‘मुत्सु’ ही बॅटलशिप भंगारात जाण्यापासून वाचली, आणि ग्वाम, फिलिपिन्स यांसारख्या बेटांवर अमेरिकेने नवी तटबंदी करायची नाही असं कलम आलं. दुसरी सवलत कागदावर लहान दिसते, पण पॅसिफिकच्या पश्चिमेला तळच नसेल तर १०:६ ची अर्धी धार बोथट होते.

जपानला ठाऊक नसलेली एक गोष्टही टेबलाखाली चालू होती. हर्बर्ट यार्डली यांचं अमेरिकी सांकेतिक कार्यालय टोकियोच्या तारा उलगडत होतं. २८ नोव्हेंबर १९२१ ची तार त्यांनी फोडली आणि अगदीच निरुपाय झाला तर टोकियो ६० वर येईल हे अमेरिकी शिष्टमंडळाला कळलं. समोरच्याची शेवटची पायरी दिसत असताना घासाघीस करणं सोपं असतं.

लंडनमधला ७० हा दुसराच आकडा

इकडे ब्रिटनच्या मंत्रिमंडळातही ‘७०’ याच आकड्याने डोकं उठवलं होतं, पण तो टक्क्यांचा नव्हता, क्रूझरच्या नगांचा होता. ब्रिटिश नौदल मुख्यालयाचा हिशेब असा: २५ क्रूझर मुख्य आरमाराबरोबर आणि ४५ जगभरचे व्यापारी मार्ग राखायला. साम्राज्य पसरलेलं, अन्न बाहेरून येतं, तेव्हा समुद्रमार्गाची लांबी हेच गरजेचं माप, असं त्यांचं म्हणणं.

१९२७ साली जिनिव्हात अमेरिका, ब्रिटन आणि जपान बसले तेव्हा हाच आकडा आडवा आला. अमेरिकेला समुद्रापार तळ कमी, म्हणून तिला मोठ्या, लांब पल्ल्याच्या, ८ इंची तोफांच्या क्रूझर हव्या. ब्रिटनला तळ भरपूर, म्हणून त्याला लहान, ६ इंची तोफांच्या, पण खूप हव्या. अमेरिका म्हणे, एकूण टनभार ठरवा, आत काय बांधायचं ते ज्याचं त्याने बघावं, आणि तिची ताणलेली मर्यादा ४,००,००० टनांपर्यंत होती. ब्रिटनच्या प्रस्तावाचा हिशेब घालून बघा. १०,००० टनांच्या १५ आणि ७,५०० टनांपर्यंतच्या ५५ धरल्या, तर बेरीज ५,६२,५०० पर्यंत जाते. शस्त्रकपातीची परिषद आणि आकडा वर चाललेला! २० जूनला सुरू झालेली परिषद ४ ऑगस्टला हात हलवत संपली. मधे ब्रिटिश मंत्रिमंडळाने आपल्या शिष्टमंडळाला सल्लामसलतीसाठी परत बोलावलं होतं. परिषद फिसकटल्यावर शिष्टमंडळातले लॉर्ड सेसिल मंत्रिपद सोडून बाहेर पडले.

जिनिव्हाच्या अपयशाचं खापर सहसा तज्ज्ञांच्या हट्टावर फोडतात. खरी चूक तयारीतली होती. ७० हा आकडा ब्रिटिश मंत्रिमंडळाने आधी नीट तावूनसुलाखून घेतलाच नव्हता. अर्थमंत्री चर्चिल नौदलाच्या बांधणीखर्चाला कात्री लावायला बसलेले होते, येत्या दहा वर्षांत मोठं युद्ध होणार नाही असं धरून अंदाजपत्रक करायचं हा १९१९ पासूनचा सरकारी दंडक होता, आणि त्याच सरकारचं शिष्टमंडळ बाहेर जाऊन ७० क्रूझर ही किमान गरज असल्याचं सांगत होतं. जी जहाजं बांधायला घरात पैसे मंजूर होत नव्हते, त्यांच्यासाठी बाहेर परिषद मोडली गेली.

१९२९ मध्ये रॅमसे मॅकडोनल्ड यांचं मजूर सरकार आलं आणि आकडा ५० वर उतरला. नौदलप्रमुख मॅडन यांनी तो मान्य केला, पण अट घालून: हा १९३६ पर्यंतचा तात्पुरता आकडा, कायमची गरज नव्हे. मुदतीची ही अट फार कामाची होती. तत्त्व सोडल्याचा ठपका न येता अधिकाऱ्याला आकडा सोडता येतो. जपानमध्ये अशी फट शोधायचा प्रयत्न झाला, पण उशिरा.

राहिला प्रश्न मोठ्या आणि लहान क्रूझर एका तराजूत तोलण्याचा. अमेरिकेने १९२९ मध्ये ‘गजपट्टी’ची कल्पना मांडली, म्हणजे जहाजाचं वय, तोफ आणि टनभार यांचं एक सूत्र. सूत्र जाहीर कधीच झालं नाही. लंडनच्या करारात त्याऐवजी सरळ विनिमयाचा दर आला. अमेरिकेने ठरलेल्या १८ पैकी शेवटच्या तीन जड, म्हणजे ८ इंची तोफांच्या, क्रूझर बांधल्या नाहीत, तर दर १०,००० टनांमागे १५,१६६ टनांच्या हलक्या क्रूझर बांधायची मुभा. तीनदा मिळवले की ४५,४९८ टन. ते अमेरिकेच्या १,४३,५०० मध्ये घातले की जवळजवळ १,८९,००० होतात, आणि ब्रिटनच्या हलक्या क्रूझरचा आकडा होता १,९२,२००. असा विचित्र, शेपटीला सहा चिकटलेला आकडा करारात दिसला की समजावं, कुणीतरी उत्तर आधी ठरवून मागे गणित केलं आहे.

ब्रिटनच्या या ५० क्रूझरमध्ये ऑस्ट्रेलियाच्याही मोजल्या होत्या, कारण टनभार सगळ्या साम्राज्याचा मिळून एकच. सह्या मात्र वेगवेगळ्या. भारताची सहीही या करारांवर आहे. वॉशिंग्टनला व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी केली, गोखल्यांच्या मागे पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा सांभाळणारे तेच शास्त्री. १९३० ला लंडनमध्ये अतुल चटर्जी यांनी केली. ज्या देशाकडे स्वतःची एकही मोठी युद्धनौका नव्हती, त्याने बॅटलशिपा मोडण्याच्या करारावर सही करावी, याला काय म्हणायचं ते वाचकाने ठरवावं.

टोकियो: तीन तत्त्वं आणि एक तार

लंडन परिषद २१ जानेवारी १९३० ला उघडली. त्याआधी नोव्हेंबरमध्ये हामागुची ओसाची यांच्या मंत्रिमंडळाने तीन मागण्या पक्क्या केल्या होत्या. जड क्रूझरमध्ये अमेरिकेच्या ७० टक्के, एकूण साहाय्यक जहाजांत (म्हणजे बॅटलशिपा आणि विमानवाहू नौका सोडून बाकीच्या) ७० टक्के, आणि पाणबुड्या ७८,००० टन, म्हणजे हातात होत्या तेवढ्या. त्या वर्तमानपत्रांतून इतक्या गाजल्या की त्यांना ‘तीन मोठी तत्त्वं’ म्हणू लागले. इथेच पहिली मेख बसली. घासाघिशीत जाताना सुरुवातीची किंमत सांगतात, तिला तत्त्व म्हटलं की खाली उतरायची शिडीच काढून घेतल्यासारखं होतं.

शिष्टमंडळाचे प्रमुख होते माजी पंतप्रधान वाकात्सुकी रेइजिरो, म्हणजे मुलकी माणूस. नौदलमंत्री ताकाराबे ताकेशी बरोबर गेले. त्यामुळे टोकियोत नौदलखात्याचा कारभार खुद्द पंतप्रधान हामागुचींनी हंगामी म्हणून हाती घेतला. १९२१ मध्ये पंतप्रधान हारा ताकाशी यांनीही हेच केलं होतं, म्हणजे पायंडा होता. पण तेव्हा परदेशी गेलेला मंत्री कातो तोमोसाबुरो होता, ज्याचा शब्द नौदलात कुणी खाली पडू देत नसे. ताकाराबे यांचं तसं नव्हतं. लंडनला ते सपत्निक गेले यावरसुद्धा नाकं मुरडली गेली.

१३ मार्चला अमेरिकेचे सिनेटर डेव्हिड रीड आणि जपानचे राजदूत मात्सुदाइरा त्सुनेओ यांच्यात तोड निघाली:

जड क्रूझर: अमेरिका १,८०,०००, जपान १,०८,४०० टन, म्हणजे ६०.२ टक्के.
हलक्या क्रूझर: १,४३,५०० आणि १,००,४५०, म्हणजे ७० टक्के.
विनाशिका: १,५०,००० आणि १,०५,५००, म्हणजे ७०.३ टक्के.
पाणबुड्या: दोघांनाही ५२,७००, म्हणजे बरोबरी.

एकूण ७० जवळजवळ साधले होते. पाणबुड्यांत बरोबरी मिळाली, पण ७८,००० चे ५२,७०० झाले. जपानी डावपेच असा होता की अमेरिकी आरमार पॅसिफिक ओलांडत असताना पाणबुड्यांनी त्याचे लचके तोडायचे, आणि त्या कामाला नग लागतात, गुणोत्तर नाही. जड क्रूझरमध्ये तर सरळसरळ ६० टक्के. त्यावर मलमपट्टी म्हणून एक वेळापत्रक जोडलं होतं. अमेरिका आपली १६ वी जड क्रूझर १९३३ पूर्वी, १७ वी १९३४ पूर्वी आणि १८ वी १९३५ पूर्वी बांधायला घेणार नाही. म्हणजे १९३६ मध्ये कराराची मुदत संपेपर्यंत अमेरिकेकडे पाण्यात १५ च असतील, १,५०,००० टन, आणि तेव्हा जपानचे १,०८,४०० टन म्हणजे ७२ टक्के! हाच तो मुदतीचा उपाय, ब्रिटनमध्ये मॅडनना पटलेला. टोकियोत नौदल स्टाफला तो पटला नाही, कारण १९३६ नंतरच्या वाटाघाटीत ६० हाच पायंडा म्हणून पुढे केला जाईल असं त्यांना वाटत होतं. ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

१४ मार्चला शिष्टमंडळाने टोकियोला तार केली: यापुढे काही मिळण्याची आशा नाही, आदेश द्या. टोकियोचं उत्तर गेलं १ एप्रिलला. मधले अठरा दिवस हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

अठरा दिवस

नौदल एकसंध नव्हतं, आणि ते दोन तटांत का विभागलं गेलं ते त्याच्या रचनेतच आहे. नौदल खातं पैसा, माणसं, बांधणी आणि संसद बघायचं. तिथले उपमंत्री यामानाशी कात्सुनोशिन आणि नौदल व्यवहार विभागाचे प्रमुख होरी तेइकिची हे करार व्हावा या मताचे. नौदल स्टाफ युद्धाच्या योजना बघायचा, आणि तो थेट सम्राटाला जबाबदार. त्याचे प्रमुख आता कातो कान्जी होते, वॉशिंग्टनला ज्यांना गप्प बसवलं गेलं तेच. उपप्रमुख सुएत्सुगु नोबुमासा यांनी मार्चच्या मध्यात वरच्यांना न विचारताच वर्तमानपत्रांना विरोधाचं निवेदन देऊन टाकलं. खात्याला अंदाजपत्रकाची चौकट दिसते आणि स्टाफला शत्रूची. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात, पण त्यांच्यातला वाद मिटवायला वर कुणीतरी लागतं.

हामागुचींची बाजू तेव्हा भक्कम होती. फेब्रुवारीच्या निवडणुकीत त्यांच्या मिन्सेइतो पक्षाला ४६६ पैकी २७३ जागा मिळाल्या होत्या. जानेवारीत जपान सुवर्णमानकावर परतला होता आणि अर्थमंत्री इनोउए जुन्नोसुके यांना खर्चाला लगाम हवाच होता. परराष्ट्रमंत्री शिदेहारा यांना अमेरिका-ब्रिटनशी बिघाड नको होता. २७ मार्चला हामागुची सम्राटांना भेटले, आणि जागतिक शांततेसाठी लवकर तोड निघावी असा कल त्यांना तिथून मिळाला.

मधल्या धावपळीचा भार वाहिला ज्येष्ठ ॲडमिरल ओकादा केइसुके यांनी. आज याच्या घरी, उद्या त्याच्या घरी, कातोंना थोपवून धर, यामानाशींना धीर दे, असं त्यांचं चाललं होतं. त्यांचा तोडगा असा की नौदलाने कराराला होकार देऊ नये, पण मंत्रिमंडळाने ठरवलंच तर त्या चौकटीत काम करायची तयारी दाखवावी, आणि बदल्यात उणीव भरून काढायला पैसा मागावा.

१ एप्रिलच्या सकाळी हामागुचींनी ओकादा, कातो आणि यामानाशी यांना बोलावून मसुद्याचा आशय सांगितला. ओकादा ठरल्याप्रमाणे बोलले. कातो म्हणाले की युद्धयोजनेच्या दृष्टीने या आकड्यांना आपली संमती देता येत नाही. मात्र पुढे होऊन त्यांनी अडवलंही नाही. त्याच दिवशी मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि तार गेली. कातोंना त्याआधीच सम्राटांपुढे आपली बाजू मांडायची होती, पण राजवाड्याचे महाव्यवस्थापक सुझुकी कान्तारो यांनी, जे स्वतः निवृत्त ॲडमिरल होते, ती भेट लांबवली. ती झाली २ एप्रिलला, तार निघून गेल्यावर.

आता, कातोंनी संमती दिली होती की नाही? त्यांचे शब्द दोन्हीकडे वळवता येत होते, आणि तेव्हा ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं. हामागुचींना वाटलं, नाराजी नोंदवून नौदल गप्प बसलं. कातो पुढे म्हणत राहिले, मी कधीच हो म्हटलं नव्हतं. सरकारी बैठकीत कुणाचं म्हणणं स्पष्ट शब्दांत लिहून न घेता पुढे गेलं की काय होतं, याचा याहून महागडा दाखला शोधावा लागेल.

कलम ११ आणि कलम १२

२२ एप्रिलला लंडनमध्ये सह्या झाल्या. तीनच दिवसांनी टोकियोच्या संसदेत विरोधी सेइयुकाई पक्षाने तोफ डागली. इनुकाई त्सुयोशी आणि हातोयामा इचिरो यांचा आरोप होता की सरकारने ‘तोसुइकेन’चा, म्हणजे सम्राटाच्या सरसेनापतीपदाच्या अधिकाराचा भंग केला.

मेइजी राज्यघटनेच्या कलम ११ नुसार भूदल आणि नौदलाचं सेनापतित्व सम्राटाकडे. कलम १२ नुसार त्यांची रचना आणि शांतताकाळातलं संख्याबळ सम्राट ठरवतो. दोन्हीकडे ‘सम्राट’. प्रश्न असा की त्याला सल्ला कुणी द्यायचा? कलम ११ बाबत रूढी स्पष्ट होती: लढाईचे हुकूम हा स्टाफचा प्रांत, मंत्रिमंडळ त्यात पडत नाही. कलम १२ बाबत घटनातज्ज्ञ मिनोबे तात्सुकिची यांचं मत असं, की संख्याबळ म्हणजे पैसा आणि परराष्ट्रधोरण, म्हणून तो मंत्रिमंडळाचा विषय. स्टाफचं मत घ्यावं, तोलावं, पण शेवटचा शब्द सरकारचा. स्टाफचं म्हणणं, किती जहाजं आहेत त्यावरच युद्धयोजना उभी राहते, तेव्हा आमच्या संमतीशिवाय आकडा ठरूच शकत नाही. नौदलात मंत्री आणि स्टाफप्रमुख यांनी संख्याबळाबद्दल आपसात विचारविनिमय करावा असा जुना नियम होता. विचारविनिमय म्हणजे नुसतं ऐकून घेणं की मान्यता मिळवणं, हे त्यात नव्हतं.

हामागुचींनी संसदेत डावपेच म्हणून एकच भूमिका धरली. सैन्याची मतं विचारात घेतली आहेत, जबाबदारी सरकारची आहे, स्टाफने संमती दिली की नाही या प्रश्नाचं उत्तर देणार नाही. त्या अधिवेशनापुरतं ते निभावलं, पण घटनेचा प्रश्न तिथेच लोंबकळत राहिला. बहुमत पाठीशी असताना तो सोडवला असता तर, असं वाटतं खरं. पण सोडवायला गेले असते तर नौदलाबरोबर भूदलही अंगावर आलं असतं, हेही तितकंच खरं.

इनुकाईंच्या पक्षाला घटनेपेक्षा सत्तेची ओढ जास्त होती. दोनच वर्षांनी, १५ मे १९३२ ला, पंतप्रधान असताना इनुकाईंना तरुण नौदल अधिकाऱ्यांनी त्यांच्याच निवासस्थानी गोळ्या घातल्या.

जूनमध्ये कातोंनी थेट सम्राटांपुढे राजीनामा ठेवला. जुलैत नौदलाच्या ज्येष्ठ सल्लागारांनी मत दिलं की उणीव आहे, पण ठरलेले उपाय केले तर भरून काढता येईल. मग राहिली प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे सम्राटाच्या सल्लागार मंडळाची पायरी. तिथल्या चौकशी समितीचे अध्यक्ष इतो मियोजी यांनी ऑगस्ट-सप्टेंबरभर कागदपत्रं मागत सरकारला घोळवलं. हामागुची हटले नाहीत, वर्तमानपत्रं त्यांच्या बाजूने होती, आणि समितीने सप्टेंबरमध्ये शस्त्रं टाकली. १ ऑक्टोबरला कौन्सिलची मंजुरी, दुसऱ्या दिवशी सम्राटांची मोहोर.

पैशाचं काय झालं? कमी जहाजं बांधल्याने ५० कोटी ८० लाख येन वाचणार होते. त्यातले ३७ कोटी ४० लाख नौदलाला उणीव भरायला परत मिळाले आणि करकपातीला उरले १३ कोटी ४० लाख. जवळजवळ तीनचतुर्थांश बचत ज्याच्याकडून काढली त्यालाच परत. नौदलाचं मन राखण्याची ही किंमत होती, आणि मन काही राखलं गेलं नाही.

१४ नोव्हेंबर १९३० ला टोकियो स्टेशनच्या फलाटावर सागोया तोमेओ या उजव्या गटाच्या तरुणाने हामागुचींच्या पोटात गोळी झाडली. याच स्टेशनवर ४ नोव्हेंबर १९२१ ला, वॉशिंग्टन परिषद उघडायच्या आठ दिवस आधी, पंतप्रधान हारा यांचाही खून झाला होता. त्या खुनाचा नौदलाशी संबंध नव्हता. आजही स्टेशनच्या फरशीवर दोन्ही जागांच्या खुणा आहेत. हामागुची आजारपणातच मार्च १९३१ मध्ये संसदेत आले, एप्रिलमध्ये पायउतार झाले आणि २६ ऑगस्टला वारले.

आकडे जहाजात शिरतात तेव्हा

लंडनच्या करारात ६०० टनांपर्यंतची जहाजं मोजणीबाहेर होती. जपानने लगेच ती पळवाट धरली: ६०० टनांच्या आतली ‘चिदोरी’ वर्गाची टॉर्पेडो बोट, पण तिच्यावर विनाशिकेला शोभाव्यात अशा १२.७ सेंटिमीटरच्या तीन तोफा आणि टॉर्पेडोच्या चार नळ्या. सगळं वजन वर, खाली सांगाडा हलका. १२ मार्च १९३४ ला सासेबोजवळ खराब हवामानातल्या सरावात याच वर्गातली ‘तोमोझुरु’ उलटली आणि शंभर जण गेले. चौकशीत दोष गुरुत्वमध्य फार वर असल्याचा निघाला, आणि मग इतर नव्या जहाजांचीही तपासणी करून वरचं वजन उतरवावं लागलं. ‘मोगामी’ वर्गाच्या क्रूझरची तऱ्हा वेगळी. हलक्या क्रूझरच्या कोट्यात बसाव्यात म्हणून त्यांना ६.१ इंची १५ तोफा बसवल्या. करारातून बाहेर पडल्यावर तेच बुरुज काढून ८ इंची दहा तोफा चढवल्या. बदलीची सोय आराखड्यातच ठेवलेली होती.

नौदलातला जो तट १९३० साली जिंकला, तो पुढच्या चार वर्षांत संपवला गेला. यामानाशी आणि होरी, दोघांनाही वेळेआधी राखीव यादीत टाकलं. होरींचा सहाध्यायी यामामोतो इसोरोकु १९३४ च्या शेवटी लंडनमध्ये पुढच्या कराराची प्राथमिक बोलणी करत होता, तेव्हाच होरींना काढल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली. २९ डिसेंबर १९३४ ला जपानने वॉशिंग्टन करार सोडत असल्याची नोटीस दिली. दोन वर्षांच्या मुदतीने, ३१ डिसेंबर १९३६ ला, वॉशिंग्टन आणि लंडन दोन्ही करार संपले. नोटीस दिली तेव्हा जपानचे पंतप्रधान होते ओकादा केइसुके.